मूल्या, माझं डोकं उठवू नकोस!

आमच्या टीममध्ये एक रशियन सीनियर आहे. रिलीजच्या आदल्या रात्री कोणी पंधराव्यांदा "झालं का?" असं विचारलं की तो कॉलवर रशियनमध्ये काहीतरी पुटपुटतो. वर्षभर मला वाटत होतं की ती शिवी असावी. शेवटी एकदा धीर करून विचारलं. म्हणाला, शिवी नाही रे, सिनेमातलं वाक्य आहे. "मूल्या, माझं डोकं उठवू नकोस" असा साधारण अर्थ. रानेव्स्कायाचं. तुला रानेव्स्काया माहीत नाही??

नव्हती माहीत. मग त्याने तिच्या विनोदांची एक लांबलचक यादी पाठवली. यादी भन्नाट होती, पण सोबत त्यानेच लिहिलं होतं की यातले निम्मे तरी तिचे नसणार. आपल्याकडे कसा कुठलाही बरा विनोद पु.लं.च्या नावावर फॉरवर्ड होतो, तसंच. त्या शनिवारी सबटायटल्स शोधून तिचा एक सिनेमा बघितला. मग दुसरा. मग तिच्याबद्दल वाचत गेलो. आणि लक्षात आलं की ही काही 'विनोदी वाक्यांवाली आजी' नव्हे. गोष्ट बरीच वेगळी आहे.

तर मंडळी, सुरुवातीपासून.

फैना रानेव्स्काया, मूळ नाव फैना फेल्डमन. जन्म १८९६, अझोव समुद्राकाठचं तागानरोग. (चेखॉव्हही याच गावचा!) वडील श्रीमंत ज्यू व्यापारी. रंगांचा कारखाना, घरं, स्वतःची आगबोटसुद्धा. मुलगी मात्र उंच, मोठ्या नाकाची, बोलताना अडखळणारी. म्हणजे नटी होण्यासाठी लागतं ते काहीच नाही. तरी तिला नाटकच करायचं होतं. वडिलांनी विरोध केला, ही घर सोडून निघाली आणि १९१५ च्या सुमारास मॉस्कोजवळ मालाखोव्काच्या उन्हाळी थिएटरात बारीकसारीक कामं करू लागली. टोपणनाव घेतलं चेखॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'मधल्या रानेव्स्कायाचं. एकदा घरून आलेल्या पैशाच्या नोटा वाऱ्याने उडाल्या, आणि ही त्या गोळा करायचं सोडून "किती छान उडताहेत!" म्हणत बघत बसली, म्हणून हे नाव पडलं, असा किस्सा सांगतात. खरा असो वा नसो, नाव शोभून दिसतं. नाटकातल्या त्या बाईच्या हातातही पैसा कधी टिकत नाही.

१९१७ मध्ये क्रांती झाली आणि घरचे सगळे परदेशी निघून गेले. ही एकटी मागे राहिली. विशीतली मुलगी, घर नाही, पैसा नाही. पाव्हला वुल्फ नावाच्या अनुभवी नटीने तिला आपल्या घरात घेतलं आणि अक्षरशः बोलण्याचालण्यापासून शिकवलं. यादवी युद्धाचा काळ दोघींनी क्रिमियात काढला. तिथे इतकी उपासमार होती की वोलोशिन हा कवी त्यांना पाव आणि मासे आणून द्यायचा. पुढची कितीतरी वर्षं गावोगावच्या कंपन्यांमध्ये गेली. मॉस्कोच्या मोठ्या रंगमंचावर, ताइरॉव्हच्या कामेर्नी थिएटरमध्ये, ती उभी राहिली तेव्हा साल होतं १९३१ आणि वय होतं पस्तिशीला टेकलेलं.

पहिला सिनेमा १९३४ चा 'पिश्का', दिग्दर्शक मिखाईल रोम. मोपासाँच्या कथेवरचा मूकपट. मूकपट म्हणजे संवाद ऐकूच येणार नाहीत. तरी या बाईने मूळ फ्रेंच पुस्तक मिळवलं आणि आपल्या पात्राची सगळी वाक्यं फ्रेंचमध्ये पाठ केली. कोणी तपासणार नाही अशा कोडमध्येही नीट कॉमेंट्स लिहिणारी माणसं असतात, त्यांच्या जातकुळीतली ही.

मग आला १९३९ चा 'पोदकीदिश' आणि त्यातली ल्याल्या. एक हरवलेली चिमुरडी मॉस्कोभर फिरते, अशी साधी गोष्ट. ल्याल्या ही त्यातली एक दबंग बाई आणि मूल्या म्हणजे तिचा दबलेला नवरा. ते एक वाक्य देशभर पसरलं. रस्त्यात पोरं मागे लागून ओरडायची, "मूल्या!" तिला या भूमिकेचा आणि वाक्याचा मनापासून वैताग आला. १९७६ मध्ये ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने तिला 'ऑर्डर ऑफ लेनिन' मिळालं, तेव्हा खुद्द ब्रेझ्नेव्हने हेच वाक्य म्हणून तिचं स्वागत केलं असं म्हणतात. त्यावर ती म्हणे त्याला म्हणाली, "माझ्या मागे असं रस्त्यातली टवाळ पोरं ओरडतात." देशाच्या सर्वेसर्वाला हे तोंडावर सांगायला काय लागतं याची कल्पना करा.

आता मुद्द्याकडे येतो. तिच्या सिनेमांची यादी काढली तर वीस-पंचवीस नावं निघतात, पण बहुतेक ठिकाणी काम पाच-दहा मिनिटांचं. का? एक उत्तर कागदोपत्री सापडतं. युद्धाच्या काळात आयझेनस्टाईन 'इव्हान द टेरिबल' बनवत होता. त्यातल्या एफ्रोसिन्या स्तारीत्स्काया या कारस्थानी राजघराण्यातल्या बाईसाठी त्याला रानेव्स्कायाच हवी होती. १९४२ मध्ये सिनेमा खात्याचा प्रमुख बोल्शाकॉव्ह याने वर कळवलं की हिचा चेहरा ज्यू वाटतो, क्लोज-अपमध्ये तर फारच. विषय संपला. भूमिका सेराफिमा बिरमनकडे गेली. आयझेनस्टाईनसारख्या माणसाची निवड फिरवायला पत्रातली एक ओळ पुरली.

तिच्या विनोदाच्या आत काय होतं हे बघायचं असेल तर रोमचाच 'मेचता' बघा. १९४१ मध्ये तयार झालेला, पण युद्धामुळे १९४३ मध्ये पडद्यावर आलेला. त्यात ती खानावळवजा घर चालवणारी रोझा स्कोरोखोद आहे. कंजूष, कजाग, आणि पोराच्या प्रेमात आंधळी. हसता हसता कधी घशाशी येतं कळत नाही. एवढ्या ताकदीची बाई सिनेमात पुन्हा तिच्या वाट्याला फारशी आली नाही.

मग तिने काय केलं? मिळालेली मिनिटं वापरली. 'अलेक्झांडर पार्खोमेंको' (१९४२) मध्ये ती कॅफेत पियानो वाजवणारी बाई आहे. फक्त एक प्रसंग. तिने त्यात वाजवणं, गाणं, खाणं आणि सिगरेट ओढणं हे सगळं एकाच वेळी केलं. सिनेमा विसरा, तो तुकडा लोकांना आजही आठवतो. १९४७ च्या 'झोलुश्का'मध्ये, म्हणजे सिंड्रेलामध्ये, ती सावत्र आई. लेखक श्वार्ट्‌झ आपल्या संवादांना हात लावू देत नसे, पण हिला त्याने मोकळीक दिली.

रंगमंचावरचा किस्सा तर आणखी भारी. मोसोव्हेत थिएटरमध्ये 'श्तोर्म' नावाचं क्रांतीवरचं नाटक होतं. त्यात मान्का नावाच्या काळाबाजारवाल्या बाईची चौकशी होते, एवढाच प्रसंग तिच्या वाट्याला. तिने तो स्वतःच लिहून वाढवला, लेखकानेही मान डोलावली. मग झालं असं की लोक मान्काला बघायला यायचे आणि तिचा प्रसंग संपला की उठून जायचे! क्रांतीचे नायक रिकाम्या खुर्च्यांसमोर. शेवटी दिग्दर्शक झवाद्स्कीने तो प्रसंगच काढून टाकला. इतकं चांगलं काम केलं की कामच गेलं... आपल्यातल्या काहींना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

अर्थात सगळा दोष दुसऱ्यांचा नव्हता. बाई स्वभावाने अवघड होती. दिग्दर्शकांशी भांडायची, तालमीत तिखट बोलायची, थिएटर बदलायची. आणि सरकारने तिला उपाशी ठेवलं असंही नाही. तीन स्टालिन पारितोषिकं मिळाली, १९४९ मध्ये एक आणि १९५१ मध्ये दोन. १९६१ मध्ये 'पीपल्स आर्टिस्ट ऑफ द यूएसएसआर' हा सर्वोच्च किताबही. पण गंमत बघा, पारितोषिकं मिळाली ती त्या वेळच्या सरकारी धोरणाला साजेशा नाटक-सिनेमांतल्या कामांसाठी, जी आज कोणी मुद्दाम शोधून बघत नाही. मान्काला आणि त्या पियानोवालीला काहीच मिळालं नाही.

मोठी भूमिका मिळाली, पण सत्तरी गाठल्यावर. १९६६ मध्ये 'विचित्र मिसेस सॅव्हेज'. आणि १९६९ मध्ये अनातोली एफ्रॉसने बसवलेलं 'पुढे शांतता'. म्हातारं जोडपं, मुलं दोघांना एकत्र ठेवायला तयार नाहीत, म्हणून आई एकीकडे आणि बाप दुसरीकडे. (हो, 'बागबान' आठवला ना? पण इथे शेवट गोड नाही.) सोबत रोस्तिस्लाव प्ल्यात. दहा वर्षांहून जास्त काळ हे नाटक चाललं. १९७८ चं त्याचं रेकॉर्डिंग आहे. मी अर्ध्या भाषेत काही न कळता बघितलं. शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात ती जवळजवळ काहीच करत नाही. रडत नाही, आवाज चढवत नाही. आयुष्यभर पाच मिनिटांत सगळं ठासून भरायला शिकलेल्या बाईला अखेर वेळ मिळाला, आणि तिने तो शांत बसून वापरला.

घर एकटीचंच होतं. लग्न केलं नाही. परदेशी गेलेली बहीण इझाबेला १९६० मध्ये चाळीसेक वर्षांनी परत आली, पण काही वर्षांतच वारली. मग सोबतीला रस्त्यावरून उचललेला एक कुत्रा, नाव 'माल्चिक', म्हणजे 'मुलगा'. आत्मचरित्राचा अॅडव्हान्स घेतला होता, पण लिहिलेलं फाडून टाकलं आणि पैसे परत केले. १९८३ मध्ये तिने रंगमंच सोडला आणि १९ जुलै १९८४ ला मॉस्कोत गेली. दोन्स्कोये स्मशानभूमीत, बहिणीशेजारी पुरलं.

आत्मचरित्र फाडलं, त्यामुळे रिकामी राहिलेली जागा फॉरवर्ड्सनी भरून काढली. त्या यादीत एक चलाख, बिनधास्त आजी दिसते. जिला भूमिका नाकारल्या गेल्या, आणि एका मिनिटाच्या कामासाठी जी स्वतः संवाद लिहीत बसली, ती बाई त्यात कुठेच नाही.

२००८ मध्ये तागानरोगला तिच्या जन्मघराजवळ तिचा पुतळा उभारला. कुठल्या भूमिकेतला असेल? बरोबर. ल्याल्या!

सोमवारी हे मी त्या सीनियरला सांगितलं. तो हसला, मग थोडा वेळ गप्प बसला. 'पुढे शांतता'ची लिंक मागितली त्याने. त्याने स्वतः ते कधी बघितलंच नव्हतं.