मनोहर पर्रीकर

मनोहर गोपाळकृष्ण प्रभू पर्रीकर (१३ डिसेंबर, १९५५ – १७ मार्च, २०१९) हे गोव्यातील राजकारणी, गोव्याचे माजी मुख्यमंत्री आणि भारताचे माजी संरक्षणमंत्री होते. मुख्यमंत्री असताना राज्याचे अर्थखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. आयआयटीचे पदवीधर असलेले ते देशातील पहिले मुख्यमंत्री होत.

शिक्षण

पर्रीकरांचा जन्म म्हापसा येथे झाला. मडगावच्या लॉयोला हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश घेतला. १९७८ साली त्यांनी धातुशास्त्र अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. २००१ मध्ये याच संस्थेने त्यांचा विशेष माजी विद्यार्थी म्हणून गौरव केला.

राजकीय कारकीर्द

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यातून पर्रीकर भारतीय जनता पक्षात आले. १९९४ मध्ये पणजी मतदारसंघातून ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. ४० सदस्यांच्या त्या सभागृहात भाजपचे केवळ ४ आमदार होते. २४ ऑक्टोबर, २००० रोजी ते मुख्यमंत्री झाले. २००२ च्या निवडणुकीनंतर त्यांनी पुन्हा सरकार स्थापन केले. मात्र पक्षाच्या ४ आमदारांनी राजीनामे दिल्यामुळे फेब्रुवारी २००५ मध्ये ते सत्तेबाहेर गेले. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला, तो याच कार्यकाळात.

मार्च २०१२ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१७ या काळात ते केंद्रात संरक्षणमंत्री होते. माजी सैनिकांसाठीच्या 'समान पद, समान निवृत्तिवेतन' योजनेची घोषणा (२०१५) आणि फ्रान्सबरोबरचा राफेल विमानांचा करार (२०१६) या काळात झाला. २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसला १७ व भाजपला १३ जागा मिळाल्या. तथापि लहान पक्ष व अपक्षांच्या पाठिंब्यावर पर्रीकरांनी सरकार बनवले.

अर्थनीती

ज्येष्ठ नागरिक, एकल महिला व दिव्यांग यांना मासिक साहाय्य देणारी 'दयानंद सामाजिक सुरक्षा योजना' पर्रीकरांच्या पहिल्या कारकिर्दीत सुरू झाली. २०१२ च्या अर्थसंकल्पात त्यांनी पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ रद्द केला व पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी स्वस्त झाले. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढवण्यात आला. मुलींसाठी १ लाख रुपयांची 'लाडली लक्ष्मी' व गृहिणींसाठी 'गृह आधार' या योजनाही त्याच वर्षीच्या होत.

या खर्चाचा एक मोठा आधार असलेला लोहखनिज उद्योग मात्र त्याच वर्षी थांबला. विरोधी पक्षात असताना लोकलेखा समितीचे अध्यक्ष म्हणून पर्रीकरांनी बेकायदा खाणकामावर अहवाल सादर केला होता. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच सरकारने खाणकाम स्थगित केले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये ही बंदी उठवताना न्यायालयाने उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला. त्यानंतर राज्य सरकारने नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवले आणि खाण अवलंबितांच्या उपजीविकेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

मांडवी नदीतील कॅसिनोंना पर्रीकरांनी विरोधी पक्षात असताना विरोध केला होता. सत्तेत आल्यावर त्यांच्या सरकारने कॅसिनोंवरील शुल्क वाढवले, परंतु कॅसिनो नदीतून हटले नाहीत. या भूमिकेवर टीकाही झाली.

आजारपण व निधन

फेब्रुवारी २०१८ मध्ये पर्रीकरांना स्वादुपिंडाच्या आजारासाठी मुंबईतील रुग्णालयात दाखल करण्यात आले. २२ फेब्रुवारीला तेथून परतून त्याच दिवशी त्यांनी पर्वरी येथील विधानसभेत संक्षिप्त भाषणाद्वारे अर्थसंकल्प मांडला. ३० जानेवारी, २०१९ रोजी नाकात नळी असतानाच त्यांनी आपला अखेरचा अर्थसंकल्प सादर केला. १७ मार्च, २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदावर असताना त्यांचे निधन झाले. त्यांच्या पार्थिवावर पणजीतील मिरामार येथे अंत्यसंस्कार करण्यात आले. २०२० मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण पुरस्कार जाहीर केला.