गाळाचा हिशेब: गिरीजची बावखले आणि काचेची टाकी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, जिथे मराठ्यांच्या वसई मोहिमेशी जोडलेला वज्रगड हिराडोंगरीवर उभा आहे, त्या गिरीज परिसरातील आणि आसपासच्या गावांतील वाड्या, म्हणजे केळी, पानवेली व फुलझाडांच्या बागा, पिढ्यान्‌पिढ्या बावखलांच्या आधाराने टिकल्या. बावखल म्हणजे वाडीलगत खणलेले, बहुधा लांबट गोल आकाराचे तळे. त्यात पावसाचे पाणी साठे, तळाच्या वाळूमिश्रित मातीतून ते हळूहळू मुरे आणि शेजारच्या विहिरींना गोडे पाणी मिळे. समुद्राच्या इतक्या जवळ हे घडते याचे कारण असे की गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. घायबेन (1888) आणि हर्झबर्ग (1901) यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर राहतो.

मुरण्याची वाट मात्र आपोआप मोकळी राहत नाही. पालापाचोळा, शेवाळ आणि वाहून आलेली माती तळाशी बसते व रंध्रे बुजतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की हा गाळ उपसून वाडीत खत म्हणून पसरला जाई, आणि बैल किंवा रेडा जुंपून फिरवलेला रहाट, म्हणजे मडक्यांची माळ बांधलेले पाणी उपसण्याचे चक्र, उरलेल्या काळात पाणी हलते ठेवी. बावखलाची सफाई हे शेतीहून वेगळे काम नव्हतेच. म्हणूनच ते बिनबोभाट होत राहिले असावे.

वाळूतून झिरपताना पाण्याचे नेमके काय होते, हे 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले: वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सांडपाणी सोडले असता काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले, क्लोरोफॉर्मची वाफ देताच ही क्रिया थांबली, आणि म्हणून ती जिवाणूंची करणी ठरली. घरातील मत्स्यटाकीचा फिल्टर याच तत्त्वावर चालतो. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधून टाकी टिकवली होती. मुंबईकरांना काचेआडचे मासे 1951 मध्ये उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने दाखवले. पुढे घराघरांतील टाक्यांत विजेचा पंप आणि स्पंज आला. स्पंजात घाण अडकून प्रवाह मंदावला की तो धुवावा लागतो, पण नळाखाली नव्हे, तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन स्पंजातल्या उपयुक्त जिवाणूंना मारते व माशांच्या विष्ठेतला अमोनिया पाण्यात तसाच साचतो. चकचकीत धुतलेला फिल्टर बऱ्याचदा तुंबलेल्यापेक्षा घातक ठरतो, हे नवख्या हौशी माणसाला पटवणे कठीण जाते.

वसईत तोल बिघडला तो उलट बाजूने. पंपांमुळे रहाट थांबले, रासायनिक खतांमुळे गाळाची किंमत गेली, आणि शहरी वस्तीसाठी टँकर भरू लागल्याने उपसा इतका वाढला की खारे पाणी विहिरींकडे सरकण्याची भीती निर्माण झाली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीने याच उपशाला विरोध केला. वापरातून गेलेले बावखल गाळाने उथळ होते, उथळ झालेले डबके वाटू लागते, आणि डबक्यात भराव टाकायला कोणाची हरकत राहत नाही. मग तिथे मुरणारे पावसाचे पाणी रस्त्यांवर आणि अंगणांत साचते.