बाणाची बैठक

बाण सुटल्यावर दोरीचा जो आवाज होतो, त्याला शिकारी घाबरतो. त्याने अधिक घाबरावे ते बाण सुटण्याआधीच्या आवाजाला. जुन्या धाटणीच्या धनुष्यातून निघालेला बाण सेकंदाला 50 मीटरच्या आसपास जातो, आवाज जातो 340 मीटर. 20 मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधी गाठतो. तेवढ्यात ते उडी मारण्यासाठी पाय दुमडते, अंग खाली जाते आणि बाण पाठीवरून निघून जातो. पण दोरी ओढतानाच बाणाची काडी धनुष्याला घासून ‘कुर्र’ झाली, तर बाण अजून हातातच असतो आणि हरणाला पळायला हवा तेवढा वेळ मिळतो.

कीर्तनातून ऐकलेल्या धनुष्यांनी आपले कान बिघडवून ठेवले आहेत. तिथे धनुष्य उचलले की टंकार झालाच पाहिजे. वीराला तो शोभतो, कारण समोरच्याला आपण आल्याचे कळावे हीच त्याची इच्छा असते. शिकाऱ्याला मुके धनुष्य लागते.

गंमत अशी की बाण ओढतानाची ही कुरकुर मानवाच्या धनुर्विद्येच्या मानाने अगदी अलीकडची. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोज’ हे जहाज 1545 साली बुडाले आणि 1982 साली वर काढले गेले. त्यात ‘यू’ नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली. त्यांतल्या एकालाही बाण टेकवायला खाच नाही. बाण टेकायचा तो मूठ आवळलेल्या हातावर, बोटाच्या पेरावर. जपानी धनुष्यातही तो डाव्या अंगठ्यावर बसतो. मुठीच्या वर जिथे बाण घासतो, तिथे वेताची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिचे जपानी नावच ‘बाण घासण्याचा वेत’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे घासणे होतेच, पण बाणाचा भार कातडीवर, आणि कातडी कुरकुरत नाही.

अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीची एक मोठी शाखा ज्याच्यापासून फुटली, तो इशीही हातावरूनच बाण सोडायचा. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच ओरोव्हिल गावात उपाशी अवस्थेत सापडला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात राहिला. सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन त्याच्यावर उपचार करता करता त्याचा शिष्य झाला. इशीचे धनुष्य जुनिपरचे, पाठीला स्नायूंचे तंतू चिकटवलेले. तो उकिडवा बसून, अंगठ्याने दोरी ओढून बाण मारी. ससा जवळ यावा म्हणून ओठांवर बोटे ठेवून चुंबनासारखा आवाज काढी. आवाज कुठला करायचा आणि कुठला नाही, हे ज्याला कळते त्याला शिकारी म्हणावे. इशी 1916 साली क्षयाने गेला. पोपचे धनुष्य-शिकारीवरचे पुस्तक 1923 साली आले आणि ते वाचून अनेकांनी धनुष्य हाती घेतले.

मग या खेळात इंजिनिअर शिरले. सरळ दांड्याच्या धनुष्यात बाण मध्यरेषेवरून जात नाही. सुटताना तो वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढे सरळ होतो. क्लॅरेन्स हिकमन आणि त्याच्या सोबत्यांनी अतिवेगवान छायाचित्रणाने हे वाकणे टिपले. मुठीच्या वर लाकूड कोरून बाणाला मध्याजवळ जागा दिली तर हा वळसा कमी होतो. 1950 च्या दशकात फ्रेड बेअर यांच्या मिशिगनमधल्या कारखान्यातून फायबरग्लासचे थर दिलेली धनुष्ये मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली, तेव्हा अशी कोरलेली बैठक नेहमीची झाली होती. नेम सुधारला आणि हात सुटला. बाण आता कडक, गुळगुळीत, वार्निश केलेल्या लाकडावर आला.

आणि वाजू लागला. कारण सोपे आहे. दोरी हळूहळू ओढली जाते, म्हणून काडी क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. फळ्यावर खडू किंचाळतो तसेच. पुढे बाणांनी भर घातली. लाकडी काडी नुसती कुरकुरायची. अॅल्युमिनियमची नळी बैठकीवर पडली की टणकन वाजते. कार्बनची पोकळ नळी सरसरते, आणि हलका ओरखडाही मोठा करून ऐकवते.

यावर निघालेला उपाय मला फार आवडतो, कारण तो नवा नाहीच. बैठकीवर पुन्हा कातडी चढवली गेली. खालच्या बाजूला केसाळ कातडे, उभ्या बाजूला पातळ चामड्याचा तुकडा. वासराचे, सीलचे, बीव्हरचे, ज्याला जे मिळेल ते. केसांचा कल लक्ष्याकडे ठेवतात, म्हणजे सुटताना बाण केसांच्या कलाने जातो. चामडे वाळले की तेही कुरकुरते, भिजले की काडीला धरून ठेवते, म्हणून जाणती माणसे त्याला थोडे मेण लावतात. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत केसाळ कातडे नसेल तर व्हेल्क्रोची मऊ बाजू. तीही नाही तर पायाला फोड येऊ नये म्हणून लावायची मऊ चिकटपट्टी. पण नुसते अस्तर लावून भागत नाही. बैठक सपाट असली तर बाण तिच्या सगळ्या लांबीवर घासतो. म्हणून अस्तराखाली, मुठीच्या सर्वांत खोल जागेच्या बरोबर वर, काडेपेटीतल्या काडीएवढा उंचवटा ठेवतात. मग बाण एकाच बिंदूवर टेकतो आणि पिसेही कमी आपटतात. माझ्या मते महागड्या कातड्यापेक्षा ही एक काडी अधिक काम करते.

दुकानात तयार मिळणारी तारेची, प्लास्टिकची टेकणेही आहेत. लक्ष्यभेदाच्या मैदानात ती उत्तम. जंगलात, थंडीने बोटे बधिर झालेली असताना, त्यांवरून बाण घसरून टकटक करतो, म्हणून जुन्या धाटणीचे बरेच शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

काही हट्टी मंडळी मात्र थेट हातावर परतली आहेत. तिथे कुरकुर नाही, अस्तराची उठाठेव नाही. फक्त बाण सुटताना पिसाच्या देठाचे पुढचे टोक बोटाच्या पेरात सुईसारखे शिरू शकते. त्यासाठी ते टोक तासून बारीक करायचे, वरून दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे, त्यावर सरसाचा थेंब, आणि तरीही डाव्या हातात मोजा घालायचा.