'पटावर गाजलेला गवई'

* पवनी, लाखांदूर, साकोली या मुलखातील वाचकास मूळ पाठातील हा उल्लेख सहज उमगेल. इतरांसाठी खुलासा करणे प्राप्त आहे. पट म्हणजे शंकरपट, अर्थात बैलजोड्यांची शर्यत. धानाची मळणी उरकून रयतेच्या हाती चार पैसे खुळखुळू लागले की वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगाव पट भरतात; आणि दिवसा ज्या गावी धुरकऱ्यांनी जोड्या पिटाळल्या, त्याच गावी रात्री, जमीन उतरती खणून केलेल्या प्रेक्षागारासमोर, ऑर्गन-तबल्याच्या साथीने झाडीपट्टीचे, म्हणजे याच मुलखाचे, संगीत नाटक पहाटेपर्यंत चालते. शर्यतीसाठी लोटलेला आणि सोयऱ्याधायऱ्यांकडे मुक्कामास राहिलेला जनसमुदाय नाटकास आयताच लाभत असल्यामुळे, ज्या गायक नटाचे नाव शहरातील कोणत्याही नाट्यगृहाच्या दप्तरी सापडावयाचे नाही, त्याची कीर्ती थोड्याच काळात भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पसरते, आणि वडशातील नाट्यमंडळ्यांकडे त्याच्या तारखांसाठी गावकऱ्यांची वर्दळ सुरू होते. इटलीत १९९० साली विश्वचषक फुटबॉलच्या निमित्ताने लुचानो पावारोत्तीचा आवाज, ऑपेरागृहाची पायरी कधी न चढलेल्यांच्या घरोघर पोचला, तो प्रकार याच जातीचा. फरक एवढाच, की पावारोत्ती आधीच नामांकित होता, आणि आमच्या गवयास पटाखेरीज दुसरे व्यासपीठ क्वचितच लाभते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यतींवर आलेली बंदी महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये शिथिल झाली. मधल्या काळात नाटकांनी दिवाळीनंतरच्या मंडईचा, म्हणजे गावजत्रेचा, आश्रय धरला. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली.