अश्वरक्तरसापासून कोलेस्टेरॉलच्या सुईपर्यंत

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी माणसास अल्पावधीतच पाठ होते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, तुपाने माखलेली घारी खाताना रक्तातील कोलेस्टेरॉलचे स्मरण कोणास होत नाही. पुढे हृदयविकार जडला, की मात्र पंधरा दिवसांतून एकदा घ्यावयाच्या नव्या सुईची चर्चा सुरू होते. ती कितपत गुणकारी आणि कितपत निर्धोक, हे जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

या सुईतील औषध म्हणजे प्रतिपिंड. प्रतिपिंडांनी रोगोपचार करण्याची कल्पना नवी नाही. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ पसरली आणि 1897 मध्ये प्लेगच्या जंतूचा शोधकर्ता अलेक्झांडर येर्सिन घोड्यांच्या रक्तापासून केलेली लस घेऊन तेथे आला. ही लस म्हणजे प्रतिपिंडयुक्त रक्तरसच होता. अनुभव निराशाजनक ठरला. शिवाय परक्या प्राण्याचे प्रथिन मानवी शरीर सहजी स्वीकारीत नाही. त्यामुळे उद्भवणाऱ्या विकाराचे वर्णन पिर्के आणि शिक यांनी 1905 मध्ये केले.

1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची शुद्ध प्रतिपिंडे हवी तेवढी निर्माण करण्याची रीत शोधली. परंतु कोलेस्टेरॉलविरुद्ध ती कोठे योजावीत, हे कळण्यास 2003 साल उजाडावे लागले. त्या वर्षी काही फ्रेंच कुटुंबांतील आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धीचे मूळ ‘पीसीएसके-9’ या प्रथिनाच्या जनुकात सापडले. यकृताच्या पेशींवरील जे ग्राहक रक्तातील घातक कोलेस्टेरॉल ओढून घेतात, त्यांचा हे प्रथिन नाश करते. 2006 मध्ये याची उलट बाजू दिसली. ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांत हे जनुक जन्मतःच निकामी होते, त्यांचे घातक कोलेस्टेरॉल 28 टक्क्यांनी, तर हृदयविकाराचे प्रमाण 88 टक्क्यांनी कमी आढळले. मग निसर्गाने केलेले काम प्रतिपिंडाकडून का करून घेऊ नये? 2015 मध्ये ॲलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब या दोन औषधांस अमेरिकेत मान्यता मिळाली.

तथापि, आकडा उतरणे आणि रोगी वाचणे या भिन्न गोष्टी होत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्टॅटिन घेणाऱ्या 27,564 रुग्णांवरील चाचणीत इव्होलोक्युमॅबने घातक कोलेस्टेरॉल 92 वरून 30 वर आणले. सुमारे दोन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात इत्यादी आपत्ती औषध न मिळालेल्यांपैकी 11.3 टक्क्यांना, तर मिळालेल्यांपैकी 9.8 टक्क्यांना गाठू शकल्या. म्हणजे शंभरात दीड माणसाचा लाभ. हृदयविकाराने होणारे मृत्यू त्या अवधीत घटले नाहीत. सुई टोचल्या जागी होणारा त्रास किंचित अधिक होता. स्मरणशक्ती क्षीण होईल अशी भीती होती, तीही स्वतंत्र तपासणीत निराधार ठरली.

याच वर्गातील बोकोसिझुमॅबची कथा मात्र वेगळी आहे. त्यात उंदराच्या प्रथिनाचा अल्प अंश शिल्लक होता. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या शरीरांनी औषधाविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण केली, काहींत त्याचा प्रभाव ओसरला, आणि 2016 मध्ये फायझर कंपनीने ते सोडून दिले. घोड्याच्या रक्तरसाने दिलेला धडा शंभराहून अधिक वर्षांनी उंदराच्या अंशाने पुन्हा गिरवून घेतला.

उरतो प्रश्न किमतीचा. अमेरिकेत इव्होलोक्युमॅबची वार्षिक किंमत सुमारे 14 हजार डॉलर होती. ती 2018 मध्ये 5,850 डॉलरवर आणावी लागली. शंभरात दीड हा लाभ ज्याची एकदा छाती दुखली आहे, त्याच्या लेखी लहान नाही. आनुवंशिक विकार असलेल्यास, किंवा स्टॅटिन पुरेशा मात्रेत घेऊनही ज्याचे कोलेस्टेरॉल उतरत नाही त्यास, ही सुई मोठा आधार आहे. परंतु स्वस्त आणि दीर्घकाळ पारखलेली गोळी ज्यास पुरेशी आहे, त्याने केवळ नवेपणाच्या ओढीने तिच्यामागे धावू नये. आणि घारीचा दुसरा तुकडा उचलण्याचा परवाना म्हणून तर मुळीच नव्हे.