शिखराची उंची आणि श्रेयाचा प्रश्न : भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या संदर्भात

प्रस्तावना

जगातील सर्वोच्च शिखर कोणी 'शोधले' हा प्रश्न आपल्याकडे अनेकदा राष्ट्राभिमानाच्या अंगाने चर्चिला जातो. एका बाजूला जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव शिखरास चिकटले आहे. दुसऱ्या बाजूला राधानाथ सिकदर हेच खरे संशोधक, असे प्रतिपादन केले जाते. शिखराची उंची ही एका व्यक्तीच्या शोधातून नव्हे, तर दीर्घ सामूहिक मापनातून निश्चित झाली व म्हणून श्रेयाचा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला पाहिजे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सर्वेक्षणाची वाटचाल

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून या कार्यास प्रारंभ केला. त्रिकोणांची ही साखळी उत्तरेकडे सरकत असता, हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. त्यांच्यानंतर एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले व १८४३ मध्ये ते निवृत्त झाले. मोठा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो वाहणारे हमाल, निशाणे धरणारे खलाशी आणि तराईच्या हिवतापास बळी पडलेले कर्मचारी यांच्यावाचून एकही कोन मोजला गेला नसता. त्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासास अज्ञात आहेत.

मापनाचे स्वरूप

नेपाळची सीमा सर्वेक्षकांना बंद होती. त्यामुळे १८४९-५० मध्ये जेम्स निकोल्सन यांनी बिहारच्या मैदानातील सहा ठिकाणांहून, सुमारे १७० ते १९० किलोमीटर अंतरावरून, 'शिखर क्रमांक १५' चे वेध घेतले. एवढ्या अंतरावर प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे शिखर आहे त्याहून उंच भासते, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळे ते खाली गेलेले दिसते. या दोहोंची दुरुस्ती करणे हाच गणनेचा कठीण भाग होता. सहा ठिकाणांवरून आलेल्या उंचीचे किमान मूल्य सुमारे २८,९९० फूट, तर कमाल सुमारे २९,०२६ फूट होते. सरासरी २९,००२ फूट आली व ती मार्च १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी जाहीर केली. उत्तर नेमके २९,००० आल्याने लोकांचा विश्वास बसावा म्हणून दोन फूट वाढविले, ही प्रचलित आख्यायिका या आकड्यांपुढे टिकत नाही.

सिकदर यांचे योगदान

कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचे विद्यार्थी असलेले सिकदर १८३१ मध्ये गणक म्हणून सर्वेक्षणात रुजू झाले. १८५२ मध्ये त्यांनी वरिष्ठांकडे धावत जाऊन सर्वोच्च शिखर सापडल्याचे सांगितले, ही कथा बरीच नंतरची आहे. १८४९ पासून ते कलकत्त्यात मुख्य गणक होते, तर सर्वेक्षणाचे गणनकार्य डेहराडून येथे चालत असे. ही कथा बाजूला ठेवली तरी त्यांचे कर्तृत्व उणे होत नाही. १८५१ च्या सर्वेक्षणविषयक अधिकृत मार्गदर्शक ग्रंथात गणिती भागासाठी त्यांचे ऋण प्रस्तावनेत मान्य केले होते; १८७५ च्या आवृत्तीत मात्र ते नाव वगळण्यात आले. सिकदर १८७० मध्येच निवर्तले होते. या वगळण्याविरुद्ध तत्कालीन वृत्तपत्रात टीका झाली. अन्यायाचा हा लिखित पुरावा आख्यायिकेपेक्षा अधिक बोलका आहे. १८४३ मध्ये सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीस धरणाऱ्या दंडाधिकाऱ्यास त्यांनी विरोध केला व त्याबद्दल दंड सोसला, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

नामकरण

वॉ यांनी सुचविलेल्या नावास स्वतः एव्हरेस्ट यांनीच आक्षेप घेतला होता. तरीही लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६५ मध्ये ते मान्य केले. तिबेटी लोकांचे 'चोमोलुंग्मा' हे नाव मात्र मागे पडले. साम्राज्याच्या नकाशात मोजणे आणि नाव देणे या दोन्ही सत्तेच्या क्रिया होत्या.

निष्कर्ष

८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ व चीन यांनी संयुक्तपणे ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. १८५६ चा आकडा तिच्याहून केवळ सुमारे नऊ मीटरने कमी होता. मैदानातून, परक्या सीमेपलीकडे पाहून साधलेली ही अचूकता वेधकर्ते, गणक व श्रमिक या सर्वांची आहे. एव्हरेस्ट यांच्या जागी सिकदर यांचे नाव ठेवल्याने इतिहासलेखनातील दोष दूर होत नाही. एका नावाखाली अनेकांचे श्रम झाकण्याची तीच पद्धत पुढे चालू राहते. सिकदर यांना न्याय द्यावयाचा असेल तर तो आख्यायिकेच्या नव्हे, पुराव्याच्या आधारे द्यावा लागेल. हे भान अध्यापनातूनच विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू शकते.