चौदा दिवसांची रेघ

१९७८ साली इंग्लंडात पहिले टेस्टट्यूब बालक जन्मले आणि अशा भ्रूणांवर प्रयोग करावेत काय, हा वाद पेटला. धर्म एकीकडे, विज्ञान दुसरीकडे, अशी त्याची वाटणी आपण सहज करतो. ती खरी नव्हे.

मेरी वॉरनॉक यांच्या समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची मर्यादा सुचविली. पंधराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर पहिली रेघ उमटते. तोवर त्याची जुळीही होऊ शकतात. एक की दोन हेच ठरलेले नाही, त्यास व्यक्ती म्हणावे कसे? व्हॅटिकनने १९८७ मध्ये हे साफ नाकारले. पहिल्या क्षणापासून तो माणूसच मानावा, असे बजावले. उलट, यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगुड संशोधनाच्या बाजूने उभे राहिले. हे गृहस्थ मूळचे शास्त्रज्ञ!

वाटाघाटींत आयुष्य गेलेल्या आम्हांस चौदाचा आकडा परका वाटत नाही. कायद्यात कुठलातरी आकडा लिहावाच लागतो. पण दुबळ्याला साधन म्हणून वापरावे काय, हा श्रद्धावंतांचा प्रश्न आम्हीही गिरणीच्या दारात विचारला आहे. त्याला हसणे आम्हांस जमत नाही.

१९९० च्या एप्रिलात कॉमन्स सभेने ३६४ विरुद्ध १९३ मतांनी चौदा दिवस मान्य केले.